रंगाच्या पिंपात काय आहे?
कारीगराचा जाणण्याचा हक्क आणि आपली जबाबदारी

प्रोसेस हाऊसला ग्रे माल टाकताना आम्ही कापडवाले चार गोष्टी विचारतो. मीटरचा दर काय, शेड नमुन्याबरहुकूम येईल ना, श्रिंकेज किती धरायचे आणि माल कधी मिळणार. पाचवी गोष्ट सहसा कोणी विचारीत नाही. आपले कापड ज्या हौदात रंगणार आहे त्यात काय काय कालवले जाते, आणि ते कालवणाऱ्या कारीगराच्या छातीत व कातडीत त्यातले किती उतरते?

कायदा मात्र हाच प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी मालकावर टाकतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर या गावांची रोजी कापडावर चालते. या धंद्यात आपल्या समाजाचे लोक मालक आहेत, व्यापारी आहेत आणि जिगरवर उभे राहणारे कारीगरही आहेत. म्हणून घातक रसायनांपासून कामगाराला कायद्याने कोणते संरक्षण दिले आहे, याची माहिती दोन्ही बाजूंना असणे जरूर आहे.

धोका कशात आहे

रंगखात्यातील सर्वच माल विषारी असतो असे नाही. पण रोजच्या वापरातल्या काही वस्तूंची ओळख करून घेतली पाहिजे.

रिअॅक्टिव्ह रंगाची भुकटी तोलताना उडते आणि श्वासावाटे आत जाते. काही माणसांना त्यामुळे दमा जडतो. एकदा अशी अॅलर्जी बसली की पुढे थोडी भुकटी उडाली तरी श्वास कोंडतो. कॉस्टिक सोड्याने कातडी जळते, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. हायड्रोचे पिंप ओले झाले तर ते आपोआप तापते, पेट घेते आणि त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. ब्लीचिंगच्या पाण्यात आम्ल मिसळले की क्लोरीन निघतो. बायक्रोमेटने हातावर भरून न येणारी छिद्रे पडतात आणि नाकातील पडदासुद्धा कुरतडला जातो. सुरकुती न पडणाऱ्या कापडाला जे रेझिन देतात त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ ठरविले.

सर्वांत फसवा धोका काही ॲझो रंगांचा. बेन्झिडिनपासून बनलेले रंग शरीरात गेले की तेथे फुटून पुन्हा बेन्झिडिन तयार होते. त्याने मूत्राशयाचा कर्करोग होतो. तो आज रंग हाताळला आणि उद्या दिसला, असा नाही. बहुतेक वेळा त्याला दहा, वीस किंवा त्याहून जास्त वर्षे लागतात. तोपर्यंत कारीगराने दोन-तीन मालक बदललेले असतात, कधी गाव सोडून तो मुलुखाला परतलेला असतो. रोग कोठून आला याचा पत्ता लागत नाही आणि कोणी जबाबदारीही घेत नाही.

सवयीसुद्धा धोका वाढवतात. हाताचा रंग निघावा म्हणून ब्लीचिंगने किंवा हायड्रोने हात धुणे, नाकाला रुमाल बांधून निश्चिंत राहणे, पिंपांशेजारी बसून डबा खाणे, रमजानमध्ये शेडमध्येच इफ्तार करणे. रुमाल थोडी भुकटी अडवतो, वायू अजिबात अडवीत नाही. आणि रंगाची भुकटी खजुराबरोबर पोटात गेली तर ती पोटातही तेच काम करते.

कायदा कसा घडत गेला

रंगाच्या कामातून कर्करोग होतो ही गोष्ट नवी नाही. फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी १८९५ साली फुक्सिन हा रंग बनवणाऱ्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे जाहीर केले होते. शंभर वर्षांनी जर्मनीने अशा ॲझो रंगांनी रंगवलेल्या मालाला बंदी केली, तेव्हा आपल्या निर्यातदारांची धावपळ झाली. आपल्या केंद्र सरकारनेही १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने ४२ बेन्झिडिन रंग आणि ७० ॲझो रंग, असे ११२ रंग हाताळण्यास मनाई केली. त्यातील ७० रंगांची अधिसूचना मार्च १९९७ ची आहे.

कारखान्यातील कामगारासाठी १९४८ चा कारखाने अधिनियम होता. त्यात यंत्राला कुंपण, उजेड, हवा यांच्या तरतुदी होत्या. रसायनांच्या बाबतीत तो दुबळा होता. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जे घडले त्यानंतर सरकारला जाग आली. १९८७ साली या कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. कोणते रसायन वापरतो, त्याचा धोका काय आणि बचाव कसा करायचा, हे मालकाने कामगाराला, सरकारी अधिकाऱ्याला आणि आसपासच्या वस्तीला सांगितलेच पाहिजे, असे त्यात लिहिले गेले. कामगाराची वैद्यकीय तपासणी कामावर घेण्यापूर्वी, काम चालू असताना आणि ते काम सोडल्यानंतरही करावी, असेही आले. हवेत कोणता वायू किती चालेल याचे कोष्टक कायद्याला जोडले गेले. आठ तासांच्या पाळीची सरासरी म्हणून क्लोरीनला दहा लाख भागांत १ भाग आणि हायड्रोजन सल्फाइडला १० भाग, अशी त्यात मर्यादा होती.

सर्वोच्च न्यायालयानेही दोन मोठे निकाल दिले. दिल्लीत १९८५ साली ओलियम वायू गळाला, त्या खटल्यात न्यायालयाने ठरविले की, धोकादायक धंदा करणाऱ्याने काळजी घेतली होती असे सांगून सुटता येणार नाही, नुकसान झाले की भरपाई द्यावीच लागेल. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात १९९५ साली न्यायालयाने सांगितले की, कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे मास्क, तपासणी आणि औषध ही मालकाची मेहेरबानी उरली नाही.

आजची स्थिती

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यामुळे १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. जुने नियम या संहितेला विरोधी नसतील तेथपर्यंत संक्रमणाच्या काळात चालू राहतात.

रसायनांपुरत्या मुख्य गोष्टी अशा :

१. कामाची जागा इजा आणि रोगाच्या धोक्यापासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, पगारातून कापताही येत नाहीत.

२. ठरवून दिलेल्या वर्गातील कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी करावी लागते. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र द्यावे लागते. हा कागद आपण किरकोळ समजतो, पण पुढे रोगाचा दावा उभा राहिला तर माणूस तेथे कामाला होता याचा तोच पहिला पुरावा असतो.

३. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात रसायनांची माहिती उघड करणे, कामगाराच्या आरोग्याची नोंद ठेवणे आणि ती नोंद कामगाराला पाहू देणे बंधनकारक आहे.

४. जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका आहे असे वाजवी कारणाने वाटले तर कामगार मालकाला आणि निरीक्षकाला कळवू शकतो. मालकाने ताबडतोब उपाय केला पाहिजे.

५. मालकाने कर्तव्यात कसूर केल्यामुळे कामगाराचा मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाख रुपयांपेक्षा कमी नाही इतका दंड, किंवा दोन्ही. या दंडाची निम्मी किंवा जास्त रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय करू शकते.

आता लहान शेडवाल्यांचा नेहमीचा सवाल. आमच्याकडे सात-आठ माणसे, आम्हाला हे लागू आहे का? नव्या संहितेत विजेवर चालणारा कारखाना म्हणजे २० कामगार अशी व्याख्या आहे. मात्र मालकाच्या मूळ कर्तव्यांसाठी १० कामगार पुरेसे आहेत, आणि केंद्र सरकार ज्या कामांना धोकादायक म्हणून जाहीर करील तेथे १० ची अटही उरत नाही. रंग व रंगाचे मध्यवर्ती पदार्थ बनवण्याचा उद्योग तर १९८७ च्या दुरुस्तीपासूनच धोकादायक प्रक्रियांच्या यादीत नावानिशी होता.

एक शेड दोन नावांवर दाखवून आकडा कमी ठेवण्याची अक्कल काही जण देतात. ती कामाची नाही. मुकादमामार्फत आणलेला माणूसही आकड्यात धरला जातो. आणि निष्काळजीपणाने माणूस मेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा होतो. तेथे कामगारांची संख्या कोणी मोजत नाही.

शिकाऊ पोरांबाबतही गफलत नको. अठरा वर्षांखालील मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही. तो पुतण्या असला, भाचा असला तरी नाही.

सुट्या रंगाची पुडी

कायदा इतका सविस्तर असूनही शेडमध्ये तो पोहोचत नाही. याचे मोठे कारण सुटा माल.

घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनुसार अशा मालाच्या डब्यावर नाव, बनवणाऱ्याचा पत्ता आणि धोक्याची माहिती असावी लागते, आणि मालाबरोबर सुरक्षा माहितीपत्रक असावे लागते. त्या पत्रकात रसायनाचे नाव, ते कातडीला लागले किंवा श्वासात गेले तर काय करायचे, आग लागली तर पाणी टाकायचे की नाही, कशाजवळ ठेवायचे नाही, हे सर्व असते. मोठ्या कंपनीकडून पन्नास किलोचे पिंप घेतले तर हा कागद मिळतो.

पण लहान रंगरेज पन्नास किलो घेत नाही. तो पाच किलो घेतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवीवर पेनाने लिहिलेले असते : लाल, काळा, पिवळा. येथे कायद्याची साखळी तुटते. माहिती पिंपावर राहिली आणि माल पिशवीतून निघून गेला. मनाई असलेला रंग बाजारात फिरत असेल तर तो याच वाटेने फिरू शकतो, कारण पिशवीवर त्याचे नावच नसते. पुढे डॉक्टरने विचारले की कोणत्या वस्तूत काम करता, तर कारीगर रंगाचे नाव सांगू शकत नाही. तो फक्त छटा सांगतो.

म्हणून आमचे पहिले सांगणे हेच आहे. सुटा माल घेतलात तरी नाव, कंपनी आणि बॅच नंबर बिलावर लिहून घ्या. माहितीपत्रकाची झेरॉक्स मागा. विकणारा देत नसेल तर दुकान बदला. आणि तो कागद कपाटात ठेवू नका. आपला कारीगर उर्दू वाचतो, हिंदी वाचतो, कोणी काहीच वाचत नाही. त्याला वाचून दाखवा, समजावा. इंग्रजी कागद भिंतीला चिकटवल्याने कर्तव्य पुरे होत नाही.

हौदात माणूस उतरवण्यापूर्वी

रंगखात्यात सर्वांत झटपट मरण येते ते हौद, गटार किंवा सांडपाण्याची टाकी साफ करताना. सल्फर ब्लॅकच्या सांडपाण्यात सोडियम सल्फाइड असते. त्यात आम्लाचे पाणी मिसळले की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून खाली तळाशी साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. माणसाला वाटते वायू गेला. खरे तर त्या वेळी तो जीव घेण्याइतका झालेला असतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तेथेच पडतो.

सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे नाल्याजवळ उभ्या असलेल्या टँकरमधील रसायनामुळे विषारी वायू पसरला. शेजारच्या डाईंग-प्रिंटिंग मिलमधील सहा कामगार मेले, वीसहून अधिक इस्पितळात गेले. त्या कामगारांचा त्या टँकरशी काही संबंध नव्हता. रसायन कोठे ओतले जाते ही फक्त पर्यावरणवाल्यांची चिंता नाही, हे यावरून समजावे.

१९४८ च्या कायद्याचे कलम ३६ याच बाबतीत होते, आणि त्यातली शिस्त आजही प्रत्येक मालकाने पाठ करावी अशी आहे. टाकीला माणूस सहज जाऊ-येऊ शकेल असे तोंड हवे. आतील हवा तपासून जाणकाराने लेखी दाखला दिल्याशिवाय कोणी उतरायचे नाही. नाही तर उतरणाऱ्याला श्वासाचे उपकरण हवे, कमरेला पट्टा हवा, पट्ट्याला दोर हवा आणि दोराचे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवे. ही सोय नसेल तर त्या दिवशी टाकी साफ करू नका. घाण एक दिवस जास्त राहिली तर काही बिघडत नाही.

कापडाचा दाखला माणसाला लागू नाही

निर्यातवाले हल्ली सांगतात की आमच्या मालाला ओएको-टेक्सचा दाखला आहे, ॲझो-मुक्त असल्याचा रिपोर्ट आहे. चांगली गोष्ट आहे. पण हा रिपोर्ट तयार कापडाचा असतो. परदेशातील ग्राहकाच्या अंगाला त्रास होणार नाही एवढे तो सांगतो. ज्या शेडमध्ये ते रंगले तेथे क्लोरीन किती होता, कारीगराला हातमोजे होते की नव्हते, हे तो सांगत नाही. धुतलेल्या कापडात हायड्रो उरत नाही, कॉस्टिक उरत नाही. ते ज्याने हाताळले त्याच्या वाट्याला मात्र पुरे येते. म्हणून कापड पास झाले म्हणजे शेड पास झाली असे समजू नये.

रोग झाला तर

कामातून झालेला रोग कायद्याच्या नजरेत कामावरच्या अपघातासारखाच आहे. हे तत्त्व १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात होते आणि आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आहे. रोगांची यादी परिशिष्टात दिलेली आहे. त्यात बेन्झिनच्या नायट्रो व अमिडो पदार्थांची विषबाधा आहे, क्रोमियमची आहे, रसायनांमुळे होणारे त्वचारोग आहेत. अशा कामात सलग सहा महिने नोकरी झाली असेल तर रोग कामातूनच झाला असे कायदा धरून चालतो. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो.

राज्य विमा योजना म्हणजे ईएसआय १० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला लागू आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के, हे वर्गणीचे दर जुलै २०१९ मध्ये ठरले. नव्या संहितेत धोकादायक म्हणून जाहीर झालेल्या धंद्यात एकच माणूस असला तरी ही योजना लागू करण्याची सोय आहे. लहान मालकासाठी हा तोट्याचा सौदा नाही. मोठ्या आजाराचा किंवा मृत्यूचा दावा त्याच्या अंगावर न येता विमा महामंडळाकडे जातो.

कारीगर बांधवांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डॉक्टरकडे गेल्यावर नुसता खोकला आहे, खाज आहे, लघवीतून रक्त जाते, असे सांगून थांबू नका. मी रंगखात्यात इतकी वर्षे आहे, अमुक रसायन हाताळतो, हेही सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. कायद्याच्या यादीतील रोग आढळला तर डॉक्टरनेही सरकारी अधिकाऱ्याला कळवायचे असते. पण केसपेपरवर धंदाच लिहिलेला नसेल तर रोगाचा आणि कामाचा संबंध कोणाच्या लक्षात येणार? तक्रार करायची असेल तर महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते.

व्यापाऱ्याने काय करावे

जॉबवर्कला माल देणारा व्यापारी कायद्याने त्या शेडचा मालक नाही, हे खरे. पण दर तोच ठरवतो. मीटरमागे काही पैसे तोडले की प्रोसेसवाला पहिल्यांदा कशात काटकसर करतो, हे आपणा सर्वांना माहीत आहे. पंखा बंद पडतो, हातमोजे बंद होतात, कंपनीच्या मालाऐवजी पिशवीतला रंग येतो. स्वस्त रंगाईची किंमत दुसरा कोणी तरी भरतो.

म्हणून माल टाकताना चार प्रश्नांत पाचवा मिळवावा. रंग कोणत्या कंपनीचा, आणि माहितीपत्रक आहे का? शेडमध्ये एक चक्कर मारावी. रंग तोलण्याच्या जागी हवा खेचणारा पंखा आहे का, डोळे धुण्यासाठी नळ आहे का, जेवणाची जागा वेगळी आहे का, हायड्रो कोरड्या जागी ठेवले आहे का, आम्ल आणि ब्लीचिंग एकमेकांपासून दूर आहेत का, हे दहा मिनिटांत दिसते. जेथे या गोष्टी आहेत त्याला मीटरमागे थोडा जास्त दर द्यावा. जेथे नाहीत त्याला मुदत द्यावी, आणि मुदतीत झाले नाही तर काम दुसरीकडे न्यावे. निरीक्षक वर्षातून एकदा येईल किंवा येणारही नाही. व्यापारी दर आठवड्याला येतो. त्याचे मालक ऐकतो.

आपल्याकडे हुकूकुल इबादची शिकवण लहानपणापासून दिली जाते. माणसाचा हक्क माणसालाच परत करावा लागतो, किंवा त्याच्याकडूनच माफ करून घ्यावा लागतो. मजुरी वेळेवर देणे हा हक्काचा एक भाग झाला. ज्या शरीराने तो मजुरी कमावतो ते शरीर कामाच्या जागी शाबूत राहणे, हा दुसरा भाग. पुढच्या खेपेला ग्रे माल टाकाल तेव्हा हिशेबाच्या वहीत दर आणि शेड यांच्याशेजारी रंगाचे नाव लिहायला सुरुवात करा. त्याला एक पैसाही खर्च नाही.